‘चष्मा घरी राहिला’ म्हणणाऱ्यांच्या वतीने एक खुले पत्र

खेडोपाड्यांतल्या लोकांसाठी आरोग्याची पत्रकं, भित्तिचित्रं, औषधांवरच्या सूचना आणि ध्वनिसंदेश तयार करणाऱ्या सर्व मंडळींना,

स. न. वि. वि.

मी तुमच्यातलीच एक. बरीच वर्षं हेच काम केलं. पत्रकं लिहिली, दुसऱ्यांची तपासली, शेकड्यांनी वाटली. त्यामुळे पुढे कुठे बोचलं, तर ते आधी मला बोचलेलं आहे असं समजून वाचा.

आपल्या बैठकांमध्ये एक वाक्य हमखास येतं. गोळ्या वाटल्या पण घेतल्या गेल्या नाहीत, तपासणीची चिठ्ठी दिली पण माणूस आलाच नाही, असा विषय निघाला की कुणीतरी खुर्चीला रेलून म्हणतं, ‘‘काय करणार, लोक शिकलेले नाहीत.’’ माना डोलतात आणि पुढचा विषय सुरू होतो. मीही डोलावली आहे. हे वाक्य पूर्ण खोटं असतं तर खोडून काढणं सोपं होतं. अडचण अशी की ते निम्मं खरं आहे, आणि त्या खऱ्या निम्म्याच्या आडोशाला आपण आपलं कच्चं काम लपवतो.

आधी खरं निम्मं. शिक्षण आणि आरोग्य यांचं नातं घट्ट आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९७९ मध्ये लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन कॉल्डवेल यांनी नायजेरियातल्या आकडेवारीवरून दाखवलं की मूल जगण्याशी आईच्या शाळेचा संबंध आहे, आणि बापाचा व्यवसाय, राहण्याचं ठिकाण यांचा हिशेब वेगळा काढला तरी तो संबंध उरतो. पुढे कितीतरी देशांत हेच दिसत गेलं. अमेरिकेत २००३ साली प्रौढ साक्षरतेची मोठी राष्ट्रीय पाहणी झाली. त्यात पहिल्यांदाच आरोग्य साक्षरता, म्हणजे आरोग्याची माहिती समजून घेऊन वापरता येणं, वेगळी मोजली गेली. लोकांना औषधाच्या वेष्टनावरची सूचना, लसीकरणाचा तक्ता, डॉक्टरांच्या भेटीची चिठ्ठी असल्या रोजच्या कागदांवरून प्रश्न विचारले. ज्यांची माध्यमिक शाळा पुरी झालेली नव्हती, त्यांच्यातले ४९ टक्के सर्वांत खालच्या पातळीवर निघाले. पदवीधरांमध्ये हे प्रमाण ३ टक्के होतं. दोन आकड्यांमधलं हे अंतर कुठल्याही युक्तिवादाने बुजवता येणार नाही.

आता गावाचं बघू. याच पाहणीची आकडेवारी घेऊन पुढे ग्रामीण आणि शहरी लोकांची तुलना झाली. नुसती सरासरी पाहिली तर गावकरी मागे होते. पण वय, वंश, शिक्षण आणि उत्पन्न हिशेबात धरल्यावर दोघांमधला फरक जवळपास विरघळून गेला. थोडक्यात, गावात राहिल्याने समज कमी होत नाही. गावात शाळा आणि पैसा कमी पोचलेला असतो. आपल्या प्रस्तावांमधला ‘ग्रामीण मानसिकता’ हा शब्द मला म्हणूनच खुपतो. बहुतेक वेळा ‘आम्हाला कारण शोधायला वेळ मिळाला नाही’ एवढंच त्यातून कळतं.

गावात एक गोष्ट मात्र खरोखर वेगळी असते. न समजलेल्या गोष्टीची तिथे मोजावी लागणारी किंमत. शहरातल्या माणसाला गोळीचा डोस नीट कळला नाही, तर तो कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला विचारतो, फोन करतो, दुसऱ्या दिवशी परत जातो. दवाखाना अर्ध्या दिवसाच्या अंतरावर असलेल्या माणसाकडे दुसरी फेरी नसते. त्याला जे काही समजायचं, ते त्या पाच मिनिटांत आणि हातातल्या त्या कागदावर. तरीही आपण शहरातल्या माणसासाठी लिहिलेला कागदच अक्षरं थोडी मोठी करून त्याच्या हाती देतो.

आता उरलेलं निम्मं, जे आपल्या बैठकीत येत नाही.

एकदा मी लहान मुलांच्या तापावरचं एक पत्रक घेऊन गेले होते. माझंच लेखन, मला त्याचा अभिमान होता. एका तरुण आईने ते मोठ्याने, न अडखळता वाचून दाखवलं. मी खूश. मग सहज सुचलं म्हणून रिकामी बाटली पाण्याने भरली, तिच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, आता बाळाला देतेस तसं मापून दाखव. तिने घरातला जेवणाचा मोठा चमचा उचलला. मी लिहिलं होतं ‘दोन चमचे’. कुठला चमचा, ते मी कुठे लिहिलं होतं? वैद्यकातला छोटा चमचा पाच मिलिलिटरचा आणि मोठा पंधराचा. घरातल्या चमच्याला तर मापच नाही. तिची शाळा कमी पडली नव्हती, माझं वाक्य कमी पडलं होतं. औषधाबरोबर खुणा केलेलं टोपण देऊन ‘या रेषेपर्यंत’ एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

हा एकटदुकट प्रसंग असेल असं मला वाटलं होतं. तसं नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात ३९५ रुग्णांना औषधांच्या बाटल्यांवरच्या सूचना वाचायला दिल्या. ‘दोन गोळ्या दिवसातून दोन वेळा तोंडाने घ्या’ हे वाक्य वाचन कच्चं असलेल्यांपैकी ७१ टक्के लोकांनी बरोबर सांगितलं. मग त्यांनाच दिवसभराच्या गोळ्या मोजून दाखवायला सांगितलं, तेव्हा बरोबर मोजणारे निघाले ३५ टक्के. वाचता आलं आणि करता आलं, यांच्या मध्ये निम्मी माणसं गळली. आपण मात्र ‘वाचून घेतलं’ म्हणून खूण करतो आणि अहवाल पुढे पाठवतो.

वरच्या टोकालाही बघा. २००३ च्या त्याच पाहणीत सर्वांत वरच्या पातळीला पोचलेले प्रौढ सगळे मिळून १२ टक्केच होते, आणि तो देश शाळेत न गेलेल्यांचा नव्हे. २०११ मध्ये युरोपातल्या आठ देशांत अशी पाहणी झाली, तिथे जवळपास निम्म्या लोकांची आरोग्य साक्षरता अपुरी किंवा अडचणीची ठरली. नेदरलँड्समध्ये हे प्रमाण २९ टक्के, तर बल्गेरियात ६२. दहा-बारा वर्षं शाळेत काढलेली माणसंही आपला कागद हातात घेऊन अडतात. ‘टेस्ट पॉझिटिव्ह आली’ हे ऐकून हायसं वाटलेले पदवीधर मी पाहिलेत. दोष का द्यावा? रोजच्या बोलण्यात पॉझिटिव्ह म्हणजे चांगलंच की.

शाळेची वर्षं मोजणं सोपं असतं, म्हणून आपण तेवढंच मोजतो. पण शाळा माणसाला नेमकं काय देते? याचं मला पटलेलं उत्तर रॉबर्ट आणि सारा लेव्हाइन हे संशोधक आणि त्यांचे सहकारी यांच्या कामात सापडतं. मेक्सिको, नेपाळ, व्हेनेझुएला आणि झांबिया इथल्या आयांचा त्यांनी बरीच वर्षं अभ्यास केला. त्यांच्या मते शाळेतून अक्षरओळखीबरोबर एक विशिष्ट बोली येते. समोर नसलेल्या गोष्टीबद्दल बोलणं, शब्दाची व्याख्या करणं, अनोळखी माणसाच्या प्रश्नाला तो विचारतो त्याच चौकटीत उत्तर देणं. दवाखाना हीच बोली बोलतो. ‘कधीपासून दुखतंय?’ या प्रश्नाला शाळेत गेलेला माणूस म्हणतो, चार दिवस. न गेलेला माणूस सांगायला लागतो की पाहुणे आले होते, त्या दिवशी काम जास्त पडलं, मग रात्री कळ आली. त्याच्याकडे माहिती जास्तच आहे, पण डॉक्टरांची नजर एव्हाना घड्याळाकडे गेलेली असते.

यातून आपल्यासाठी एक अवघड गोष्ट निघते. ‘वाचता येत नाही ना, मग ऐकवू’ हा आपला आवडता तोडगा. पण या अभ्यासात रेडिओवरचा आरोग्यसंदेश कितपत कळतो, हेही तपासलं होतं, आणि ऐकून कळण्याशीसुद्धा साक्षरतेचा संबंध आढळला. ते साहजिक आहे. तो संदेश बोललेला असला तरी आधी कुणीतरी कागदावर लिहिलेला असतो. ‘गरोदर मातांनी लोहयुक्त आहाराचे सेवन करावे’ हे वाक्य मधुर आवाजात म्हटलं म्हणून ते बोलणं होत नाही. सेवन, प्रमाण, लक्षणे आढळल्यास, त्वरित संपर्क साधावा. घरात कोण बोलतं असं? आपणही घरी बोलत नाही.

चित्रांचंही तेच. चित्र सगळ्यांना कळतं ही समजूत ज्यांनी ते कुणाला दाखवून विचारलेलं नाही, त्यांचीच असते. दक्षिण आफ्रिकेत कमी शिकलेल्या लोकांना औषधांची दोन प्रकारची चित्रं दाखवली. एक संच अमेरिकेतला प्रमाणित आणि दुसरा तिथल्याच लोकांबरोबर बसून, पुन्हा पुन्हा बदलून केलेला. दुसरा बराच चांगला समजला. चित्र वाचणं हेही शिकावंच लागतं. बाण म्हणजे ‘नंतर’, फुली म्हणजे ‘नको’, सूर्य अर्धा म्हणजे ‘सकाळ’, आणि तोच अर्धा सूर्य ‘संध्याकाळ’सुद्धा! शरीरातून वेगळं काढून दाखवलेलं गर्भाशय तर मला स्वतःला पहिल्यांदा कुठल्याशा फळासारखं वाटलं होतं.

आकड्यांबद्दल थोडक्यात सांगते. ‘दर आठ तासांनी’ हा हिशेब आपण रुग्णावर का टाकतो, मला कळत नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ, झोपताना असे दिवसाचे चार ठोकळे पाडून लिहिलं की लोकांच्या चुका कमी होतात, हे तपासून झालेलं आहे. ‘दहा मिली’ आणि ‘एक मिली’ यांतलं अंतर कागदावर फक्त एका शून्याचं असतं, हेही टंकलेखन करणाऱ्याने ध्यानात ठेवावं.

शीर्षकातल्या चष्म्याकडे येते. वाचता न येणारा माणूस आपल्याला कधीच सांगत नाही की वाचता येत नाही. तो म्हणतो, चष्मा घरी राहिला. डोकं दुखतंय, तुम्हीच भरा. घरी जाऊन निवांत वाचतो. अमेरिकेतल्या एका अभ्यासात, वाचनाची अडचण असल्याचं कबूल केलेल्या रुग्णांपैकी दोन तृतीयांश लोकांनी ती गोष्ट आपल्या जोडीदारालाही कधी सांगितलेली नव्हती. निम्म्याहून अधिकांनी मुलांना सांगितलेली नव्हती. ज्याने बायकोपासून लपवलं, तो तुमच्या ‘समजलं का?’ला ‘नाही’ म्हणेल, अशी अपेक्षा आपण कशाच्या जोरावर ठेवतो? गावात तर दवाखान्याच्या रांगेत पुढेमागे ओळखीचीच माणसं असतात. म्हणून तो हो म्हणतो, कागदाची नीट घडी घालतो आणि खिशात ठेवतो. त्या घडीला आपण समज समजतो.

मग तो कागद कोण वाचतं? बहुधा घरातलं शाळेत जाणारं पोर. अर्थतज्ज्ञ कौशिक बसू आणि जेम्स फॉस्टर यांनी १९९८ मध्ये एक फार उपयोगाचा भेद मांडला. घरात एक जरी साक्षर माणूस असेल, तर त्या घरातला निरक्षर आणि सगळेच निरक्षर असलेल्या घरातला निरक्षर या दोघांना एका पंगतीत बसवू नका, कारण साक्षरतेचा फायदा घरभर पसरतो. आपल्या कामात हे तंतोतंत खरं आहे. कुटुंबाची आरोग्य साक्षरता म्हणजे अनेकदा सातवीतल्या मुलीची आरोग्य साक्षरता. याला दुसरी बाजूही आहे. पांढऱ्या स्रावावरचं, गुप्तरोगावरचं किंवा गर्भपातानंतरच्या काळजीचं पत्रक आई त्या मुलीकडून वाचून घेईल का? नाही घेणार. ते ट्रंकेच्या तळाशी जाईल. ज्या विषयांना सर्वांत जास्त आडोसा लागतो, नेमके तेच विषय आपण ‘घरी जाऊन वाचा’ म्हणून सोपवतो.

हे सगळं वाचून ‘मग करायचं तरी काय’ असं कुणी म्हणेल. ते एका ठिकाणी करून झालेलं आहे. बांगलादेशात १९८० ते १९९० या दहा वर्षांत ब्रॅक या संस्थेने जुलाबावरच्या मीठ-गूळ-पाण्याची कृती घरोघर जाऊन शिकवली. घरं किती, तर १ कोटी २० लाखांहून अधिक. शिकणाऱ्या आयांपैकी बहुसंख्य निरक्षर. गावागावांत फिरणाऱ्या बायका एकेका घरात बसायच्या, दहा मुद्दे तोंडी सांगायच्या, आणि मुख्य म्हणजे आईकडून तिच्या हातांनी, तिच्याच भांड्यात मिश्रण करून घ्यायच्या. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. ना मिलिलिटर, ना ग्रॅम. चिमूट आणि मूठ ही मापं बाई बरोबरच घेऊन फिरते, ती घरी राहत नाहीत.

पण या कामातला मला सर्वांत आवडणारा भाग हिशेबाचा आहे. साधारण महिन्याभराने दुसराच माणूस काही घरं निवडून तिथे जायचा आणि आईला विचारायचा की तुला काय आठवतंय, करून दाखव. तिला जितकं आठवेल, त्यावर शिकवणाऱ्या बाईचा पगार ठरायचा. आईला आठवलं नाही, तर पैसे शिकवणारीचे कापले जायचे. आता हा नियम आपल्याला लावून बघा. माझं ते तापाचं पत्रक चांगल्या कागदावर, चार रंगांत छापलं होतं, आणि त्याचे सगळे पैसे मला वेळेवर मिळाले.

तिथेही सगळं सरळ झालं नाही. सुरुवातीला आया कृती बिनचूक सांगत, पण मूल आजारी पडल्यावर वापरत मात्र थोड्याच. चौकशी केली तेव्हा कळलं की शिकवणाऱ्या बायकांचाच त्यावर पुरता विश्वास नव्हता आणि घरातल्या पुरुषांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. मग शिकवणाऱ्यांना त्यामागचं कारण समजावून दिलं, पुरुषांच्या बैठका घेतल्या, तेव्हा गाडी पुढे सरकली. सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक डॉन नटबीम यांनी २००० साली आरोग्य साक्षरतेच्या तीन पायऱ्या सांगितल्या त्या इथे आठवतात. आधी सूचना कळणं, मग त्यावर बोलता-विचारता येणं, आणि शेवटी आपल्या परिस्थितीत ती तपासून निर्णय घेता येणं. आपली पत्रकं पहिल्या पायरीवर उभी राहून तिसरीची अपेक्षा करतात. घरचा निर्णय सासू किंवा नवरा घेत असेल, तर सुनेला कितीही समजलं तरी ते तिच्यापाशीच राहतं.

कमी शिक्षण म्हणजे कमी कुवत नव्हे, याचा दाखला जामखेडलाही आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं आणि गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका केलं. त्यांतल्या कित्येकींनी शाळा पाहिलेली नव्हती. त्या बाळंतपणाची जोखीम ओळखायला शिकल्या, पाण्याबद्दल, लसीबद्दल आणि कुष्ठरोगाबद्दल गावाशी बोलायला शिकल्या. आठवड्याला एकत्र बसून, गाणी-गोष्टींतून, पुन्हा पुन्हा, वर्षानुवर्षं. एका दुपारच्या ‘जनजागृती शिबिरा’त असलं काही होत नसतं, आणि निधी देणाऱ्यांना हे स्पष्ट सांगायची हिंमत आपण केली पाहिजे.

माझं मागणं फार नाही. पत्रक छापायला जाण्याआधी चौथीत शाळा सुटलेल्या दहा माणसांपुढे ते ठेवा. त्यांना वाचायला लावू नका, त्यात लिहिलेलं करायला लावा. दहातले चार चुकले तर पत्रक नापास, माणसं नव्हे. या तपासणीला अंदाजपत्रकात वेगळी ओळ मागा. ती नसते, म्हणूनच ही तपासणी होत नाही. आणि ‘समजलं का?’ हा प्रश्न प्रशिक्षणातून काढून टाका. त्याऐवजी ‘घरी गेल्यावर सासूबाईंना हे कसं सांगाल, मला सांगून दाखवा, म्हणजे मी नीट सांगितलं की नाही ते मला कळेल’ असं म्हणायला शिकवा. वाक्य लांब आहे, पण त्यात परीक्षा सांगणाऱ्याची होते, ऐकणाऱ्याची नाही, आणि चष्म्याची सबब सांगायची वेळ येत नाही. डॉक्टरही हे क्वचितच करतात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मधुमेहाच्या रुग्णांशी झालेली संभाषणं ध्वनिमुद्रित करून तपासली, तेव्हा नव्याने सांगितलेल्या गोष्टींपैकी जेमतेम १२ टक्के बाबतींत डॉक्टरांनी रुग्णाला काय कळलं हे विचारून पाहिलं होतं.

शाळांचं काम शाळांनी करावंच. मुली दहावीपर्यंत टिकाव्यात, प्रौढांना वाचायला यावं, यासाठी भांडणाऱ्यांच्या मागे मी उभी आहे. पण त्याचं फळ यायला एक पिढी जाते. आज जी पन्नाशीची बाई रक्तदाबाची गोळी हातात घेऊन बसली आहे, ती पुन्हा शाळेत जाणार नाही. तिच्या हातातला कागद मात्र पुढच्या महिन्यात बदलता येतो, आणि ते खातं आपलं आहे.

आपली,
तुमच्यातलीच एक पत्रकलेखिका

ता. क. : ‘दोन चमचे’वालं माझं ते पत्रक अजून काही ठिकाणी भिंतीवर चिकटवलेलं आहे असं ऐकते. कुणाला दिसलं तर कृपया काढून टाका.